पुढचं मी सांगते

"तू नर्स का झालीस?"

उजगरे मेट्रननी माझी फाईल मिटली, चष्मा काढून तिच्यावर ठेवला आणि विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं. नर्सिंगच्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीनं, वैजयंतानं, ते एका पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं होतं. लहानपणापासून सेवेची आवड, पांढऱ्या गणवेशाचं आकर्षण, रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा. माझ्या मराठीला तेलुगूचा हेल आहे, तो लपावा म्हणून चार दिवस मी ते आरशासमोर म्हणून बघत होते. दुसरंही एक उत्तर पाठ होतं. आधीची नोकरी आठ महिन्यांत का सुटली असं विचारलं, तर घरगुती अडचणीमुळे.

ही १९९९ सालची गोष्ट. सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या तेलुगू पद्मशाली विणकरांच्या वस्तीत, घरोघर यंत्रमाग खडखडत असतात आणि उंबऱ्यात बसून बायका विड्या वळत असतात. तिथं एका ट्रस्टनं चाळीस खाटांचा नवा दवाखाना काढला होता. नर्सच्या दोन जागा होत्या आणि व्हरांड्यातल्या बाकांवर आम्ही चौदा जणी बसलो होतो. माझ्यासोबत अम्माही आली होती. मी नको म्हणत असताना आली होती. चार महिने मी घरी बसून होते, आणि शेजारपाजारच्या बायका तिला माझ्या लग्नाचं विचारायला लागल्या होत्या. या खेपेला नोकरी नाही लागली तर वडील सांगलीच्या स्थळाला होकार कळवणार, हे घरात ठरलेलं होतं.

आत टेबलापलीकडे तिघं जण होते. मधे उजगरे मेट्रन. पन्नाशीच्या, अंगानं बारीक, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांच्या उजवीकडे डॉ. बिराजदार, दवाखान्याचे मुख्य डॉक्टर. डावीकडे ट्रस्टी कोंड्याल. त्यांचा टॉवेलचा कारखाना होता आणि बहुतेक वेळ ते खिडकीबाहेर बघत होते.

मी सुरुवात केली. "मला लहानपणापासून सेवेची..."

"थांब," मेट्रन म्हणाल्या. आवाज चढा नव्हता. "सकाळपासून नऊ मुली आल्या. नऊ जणींना लहानपणापासून सेवेची आवड. माझा विश्वास आहे त्यांच्यावर. पण मला एक गोष्ट सांग. तुझ्या फाईलमध्ये मार्क चांगले आहेत. आठ महिने नोकरी आहे. नंतर चार महिने काही नाही आणि अनुभवाचा दाखला नाही. मी काल त्या दवाखान्यात फोन केला होता."

माझे हात मांडीवर होते. ते मी एकमेकांत अडकवले.

"ते काय म्हणाले ते मी तुला सांगत नाही," त्या म्हणाल्या. "तू सांग. आणि नर्स का झालीस तेही सांग. कुठूनही सुरुवात कर."

घरगुती अडचण हे शब्द तोंडाशी आले होते. ते बोलले असते तर पाच मिनिटांत मी बाहेर असते. मला तेव्हा कळलं, की या बाईंनी विचारलेले दोन प्रश्न मुळात एकच आहेत. एकाचं खरं उत्तर दिलं की दुसऱ्याचं द्यावंच लागणार.

मी दहा वर्षांची असल्यापासून सुरुवात केली.

तेव्हा मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत पाचवीत होते. अम्मा लग्न होऊन निजामाबादकडच्या खेड्यातून आलेली. आमच्या गल्लीत सगळे तेलुगूच बोलणारे, त्यामुळे तिला मराठीची फारशी गरज पडत नसे. माझ्यानंतर दहा वर्षांनी तिला दिवस गेले. सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या आणि तिला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. पहाटे भाऊ झाला. अगदी एवढासा. त्याला वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं. वडील पहिल्या पाळीला मागावर गेले, कारण त्या दिवशी खाडा केला असता तर माग दुसऱ्याला गेला असता. शेजारच्या काकू स्वयंपाक करून येते म्हणून गेल्या. अम्माजवळ मी एकटी राहिले. डॉक्टर काय म्हणतात ते तिला सांगायचं आणि ती काय म्हणते ते डॉक्टरांना सांगायचं, हे माझं काम.

मला त्या कामाचा अभिमान वाटत होता. टाके दुखतात का, लघवी झाली का, मागच्या वेळी बाळंतपण कुठं झालं, सगळं मी इकडून तिकडे पोचवत होते. आसपासच्या खाटांवरच्या बायका म्हणत होत्या, पोरगी हुशार आहे.

साडेनऊच्या सुमाराला एक तरुण डॉक्टर आला. वॉर्डात पन्नास-साठ बायका आणि तो एकटा. त्याच्या डोळ्यांवर झोप होती. तो वाईट माणूस नव्हता, हे मला आता कळतं. त्यानं कागद बघितला, अम्माकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आईला सांग, बाळ गेलं. वडील आले की वर पाठव." आणि पुढच्या खाटेकडे वळला.

अम्मा माझ्याकडे बघत होती. काय म्हणाले, असं तिनं विचारलं.

मी म्हणाले, "तम्मुडु पंडुकुन्नाडु." धाकटा झोपलाय.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण थोड्या वेळानं अम्मानं विचारलं, त्याला थंडी वाजत नाही ना. मी म्हटलं, पेटीत दिवा आहे, ऊब असते. मग तिनं विचारलं, केस आहेत का. मी म्हटलं, दाट आहेत, काळेभोर. मग तिनं विचारलं, मुठी उघडतो का. मी म्हटलं, एक उघडतो, एक नाही. मी त्याला बघितलंही नव्हतं. दुपारी तिला पान्हा फुटला आणि लुगडं भिजलं. तिनं विचारलं, पाजायला कधी देणार. मी म्हटलं, उद्या. डॉक्टर उद्या म्हणाले. खाटेपासून हलायची मला भीती वाटत होती. मी हलले आणि दुसऱ्या कुणी येऊन तिला सांगितलं तर?

दोनच्या पाळीला एक नर्स आली. छातीवरच्या पट्टीवर वाघचौरे असं नाव होतं. ती कागद वाचत खाटेशी आली, अम्माची ओली चोळी बघितली आणि माझ्याकडे वळली. मला बाजूला घेऊन ती गुडघ्यावर बसली, म्हणजे तिचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं.

"तू आईला काय सांगितलंस?"

"झोपलाय."

"कधीपासून सांगतेस?"

"सकाळपासून."

मला वाटलं, आता ती मारणार. तिनं माझा हात हातात घेतला. म्हणाली, "दमली असशील. तुझं काम संपलं. आता पुढचं मी सांगते."

तिला तेलुगू येत नव्हतं. ती वर गेली आणि पांढऱ्या फडक्यात गुंडाळून त्याला घेऊन आली. नंतर मी शिकले की तसं सहसा कुणी करत नसे. बाळ बापाच्या हातात द्यायचं आणि खालच्या दारानं पाठवायचं, अशी तेव्हा पद्धत होती. तिनं ते अम्माच्या मांडीवर ठेवलं, खुर्ची ओढली आणि अम्माच्या पाठीवर हात ठेवून बसली. एक शब्द बोलली नाही. वॉर्डात तिला हाका येत होत्या. ती कुणाला तरी मानेनं खुणावत होती, येते म्हणून, पण उठली नाही. वडील येईपर्यंत ती तिथंच होती. मी खाटेच्या पायथ्याशी बसले होते. मला रडू आलं ते तेव्हा.

एवढं सांगून मी थांबले. कोंड्याल शेठ खिडकीबाहेर बघायचे थांबले होते.

"म्हणून तू नर्स झालीस," मेट्रन म्हणाल्या.

"हो. तेव्हा लगेच ठरवलं असं नाही. पण बारावीनंतर फॉर्म भरताना मला दुसरं काही आठवलंच नाही."

"आणि ते आठ महिने?"

तेही सांगितलं. त्या खाजगी दवाखान्यात एक माग कामगार दाखल झाला होता. त्याच्या साखरेकडे वर्षानुवर्षं कुणी बघितलं नव्हतं आणि पायाला जखम होऊन तो काळा पडला होता. बायको फक्त तेलुगू बोलणारी. सोबत आठवीतली मुलगी. डॉक्टरांनी त्या मुलीला बोलावलं, तिच्या हातात कागद दिला आणि म्हणाले, आईला सांग, गुडघ्याखाली पाय कापावा लागेल, इथं अंगठा घे. मुलगी कागद धरून कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. मी सलाईन बदलून येत होते. तिचा चेहरा बघितला आणि मला पुढं जाववेना. मी कागद तिच्या हातातून काढून घेतला आणि तिच्या आईला तेलुगूत सगळं नीट सांगितलं.

"मग?" डॉ. बिराजदारांनी विचारलं. ते पहिल्यांदाच बोलत होते.

"तिनं अंगठा दिला नाही. नवऱ्याला रिक्षात घालून घेऊन गेली. मालक म्हणाले, तू पेशंट पळवलास. दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणाले."

"त्या माणसाचं काय झालं, माहीत आहे?"

मला माहीत होतं. मी आमच्या वस्तीतून शोध काढला होता. हा भाग मी वैजयंतालाही सांगितला नव्हता.

"दोन दिवस त्यांनी झाडपाल्याचं औषध लावलं. मग दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथं पाय कापला. गुडघ्याच्या वर."

बाहेर कुठंतरी कुणी बादली सरकवत होतं.

"म्हणजे तुमच्या दयेमुळे माणसाचा गुडघा गेला," डॉक्टर म्हणाले. "डॉक्टरांनी सांगायची गोष्ट तुम्ही परस्पर सांगितलीत. हीच गोष्ट इथं केलीत तर?"

मी या प्रश्नाची चार महिने वाट बघत होते, असं मला तेव्हा वाटलं. दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. मी मात्र स्वतःला रोज विचारत होते.

"सर, मी सांगितलं त्यात माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही," मी म्हणाले. "ते सांगणं त्या मुलीचं काम नव्हतं. पण मी सांगितलं आणि निघून गेले. सहा नंबरला इंजेक्शन द्यायचं होतं. ती बाई तिथं एकटी उभी राहिली. पाय कापला नाही तर काय होईल, कापल्यावर माणूस कसा चालतो, घर कसं चालतं, हे तिला कुणाला तरी विचारायचं होतं. मी थांबले असते, तुम्हाला, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना बोलावलं असतं, तर ती कदाचित गेली नसती. वाघचौरे सिस्टर बसल्या होत्या. मी बसले नाही. माझी चूक ती आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी मला नंतर दोन-तीन प्रश्न विचारले. साखर एकदम उतरली तर काय करशील, जखमेचं ड्रेसिंग कोणत्या क्रमानं करशील. मी उत्तरं दिली. मेट्रननी मला बाहेर थांबायला सांगितलं.

बाहेर अम्मानं काय झालं असं डोळ्यांनीच विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. नोकरी हातची गेली याची मला खात्री होती, तरी अंग हलकं झालं होतं. उरलेल्या चौघी आत जाऊन आल्या. पाण्याच्या माठाशी एकजण दुसरीला विचारत होती, तुला पण सेवेचंच विचारलं का.

पावणेतीनला शिपायानं दोन नावं पुकारली. पहिलं नाव माझं नव्हतं. दुसरं होतं, भाग्यलक्ष्मी चिलवेरी.

मी आत गेले तेव्हा डॉ. बिराजदार उठून निघाले होते. दारात ते थांबले. "मी नाही म्हणालो होतो," ते सरळ म्हणाले. "बाई ऐकत नाहीत. कोंड्यालही त्यांच्या बाजूनं गेले. सहा महिने बघू."

मेट्रन कागदावर सही करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोमवारी सकाळी सातला ये. दोन गोष्टी. सांगण्याआधी डॉक्टरांना हाक मारायची. आणि सांगितल्यानंतर खुर्ची ओढून बसायचं. सहा नंबरचं इंजेक्शन दुसरी कुणी देईल. कुणी नसेल तर मला बोलव, मी देईन."

डॉ. बिराजदारांनी पुढं सहा महिने खरोखर बघितलं, आणि सातव्या महिन्यात कुणा बाईशी तेलुगूत बोलायचं झालं की स्वतःच मला बोलवायला लागले. दोघं शेजारी खुर्च्या घेऊन बसायचो. ते मराठीत सांगायचे, मी तेलुगूत. पण ते नंतरचं.

त्या दुपारी आम्ही मायलेकी चालत घरी निघालो. रस्त्यात उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथं अम्मा बसू म्हणाली. ती सहसा बाहेर काही घेत नसे. एवढा वेळ आत काय विचारत होते, असं तिनं विचारलं.

मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तेरा वर्षांत त्या दिवसाचा विषय आमच्या घरात कुणी काढला नव्हता. माझ्या मनात एकच होतं, की मी तिला फसवलं. तिचा मुलगा गेलेला असताना मी तिला दिवसभर त्याचे केस आणि मुठी सांगत बसले. आज परक्या माणसांसमोर बोलले होते, म्हणून तिच्यासमोरही बोलता आलं. डॉक्टर काय म्हणाला होता आणि मी काय सांगितलं होतं, सगळं सांगितलं. आम्ही नेहमीसारखं तेलुगूतच बोलत होतो. बोलताना मी तिच्याकडे बघत नव्हते, रसाच्या पेल्याकडे बघत होते.

अम्मा ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"केव्हापासून?"

"तो डॉक्टर बोलला तेव्हापासून. गेलं, हे कळायला किती मराठी लागतं, भाग्या? विडीच्या कारखान्यात रोज ऐकत होते. पानं गेली, हप्ता गेला."

मग सारखी का विचारत होतीस, असं मी विचारलं. थंडी वाजते का, केस आहेत का. मला किती त्रास होत होता.

तिनं पेला दोन्ही हातांत धरला होता.

"मला त्याला कुणी दाखवलं नव्हतं," ती म्हणाली. "तू सांगत होतीस तोवर तो होता. मला वाटलं, अजून थोडं ऐकू. तुझ्या चेहऱ्याकडे मी बघितलंच नाही. आई असून बघितलं नाही. त्या बाईनं बघितलं."

मी तिचा हात धरला. विड्या वळून तिची बोटं तंबाखूनं पिवळी आणि खरखरीत झाली होती. तिनं हात सोडवला नाही. गुऱ्हाळवाला घुंगरांचं चाक फिरवत होता आणि आम्ही दोघी काही घाई नसल्यासारख्या तशाच बसून होतो.

थोड्या वेळानं मी विचारलं, "केस दाट होते का गं?"

"होते," अम्मा म्हणाली. "तू बरोबर सांगितलंस. मुठी मात्र दोन्ही मिटलेल्या होत्या."

तिनं पदरानं तोंड पुसलं, रिकामा पेला फळीवर ठेवला आणि सोमवारी किती वाजता जायचं ते विचारलं. सातला, मी म्हणाले. मग आताच पांढऱ्या चपला बघून घेऊ, असं म्हणत ती बाजाराच्या रस्त्याला लागलीसुद्धा.